काकडी की चमचा

“चूक,” मुख्याध्यापिकाबाईंनी लाल पेन उचललं. “उत्तर काकडी आहे.”

टेबलावर सुरी, कात्री, चमचा आणि काकडी मांडली होती. यातलं वेगळं काय, असं विचारल्यावर पाच वर्षांच्या मैनेनं चमचा बाजूला काढला होता. मैना हे शिशुवर्गाच्या बाईंनी ठेवलेलं नाव. पोरगी तोंडातून अक्षर काढत नसे, म्हणून गमतीनं ठेवलेलं. ही फुली पडली की तिचा पहिलीतला प्रवेश हुकणार आणि वर्षभर ती पुन्हा शिशुवर्गातच बसणार.

“थांबा,” शिशुवर्गाच्या बाई म्हणाल्या. “मैना, चमचाच कशावरून गं?”

मैना एकेका वस्तूकडे निरखून बघू लागली.

“अहो बाई, बाहेर नऊ पोरं ताटकळलीयेत.”

“ताटकळू देत. ती विचार करतेय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सव्वीस वर्षं पोरांचीच तोंडं बघतेय.”

बाई एकदा हट्टाला पेटल्या की ब्रह्मदेव आला तरी हलत नसत.

मैना उठली. दप्तरातली पाण्याची बाटली आणून तिनं एकेका वस्तूवर पाणी ओतलं. ते सुरीवरून ओघळलं, कात्रीतून गळलं आणि काकडीवरून थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या कागदांवर गेलं.

“अगं, अगं!” त्या कागद झटकत उठल्या.

“यातच राहतं,” मैना चमच्याकडे बोट दाखवून म्हणाली.

बाईंचा ऊर भरून आला. “बघा! फुली मारायची नाही.”

“उत्तरांचा कागद तुम्हीच केलाय, बाई. बारा वर्षांपूर्वी. ‘काकडी’ हे तुमचंच अक्षर आहे.”

बाईंचा चेहरा उतरला. वर्गात उठता-बसता ‘कशावरून?’ विचारणाऱ्या आपण, परीक्षा घ्यायला बसलो की मुकाट्यानं कागद बघत आलो. चमचा उचलणारी आणखी किती पोरं येऊन गेली असतील? त्यांना आता कुठे शोधायचं? बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

“मीच केलाय ना, मग मीच बदलते.” त्यांनी ‘काकडी’ खोडलं, खाली ‘कारण विचारावे’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

“उद्या पालक भांडायला येतील.”

“येऊ देत. मी आहे.”

मुख्याध्यापिकाबाईंनी सुस्कारा सोडला. “बरं. जाऊ दे तिला पहिलीत.”

पुढची मुलगी धावतच आली. तिनं पटकन काकडी उचलली आणि शाबासकीसाठी मान वर केली.

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

मुलगी गोंधळली. मुख्याध्यापिकाबाई काही सांगणार, तेवढ्यात बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि त्या वाट पाहत बसल्या.