कौलाची रेघ

किल्ल्यावर जायचं आईनंच काढलं. चहा पुढ्यात तसाच निवत ठेवून ती म्हणाली, "आज इंजिनिअर येणार आहेत वर. त्यांच्या आधी मला बघायचंय."

काय बघायचंय, हे मी विचारलं नाही. बाबा गेल्यापासून आम्हा दोघींच्या मनात दुसरं काही नव्हतं.

बाबा किल्ल्याच्या दुरुस्तीवर मुख्य गवंडी होते. हिवाळा सरता सरता चोरवाटेवरच्या तटाचा एक भाग कोसळला, आणि त्याच्यासोबत शिडीवर उभे असलेले बाबा. तो भाग त्यांच्याच देखरेखीखाली मागच्या पानगळीत नव्यानं बांधला होता. गावाला एवढं पुरेसं होतं. पावाच्या दुकानात आईच्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "स्वतःच्याच भिंतीनं गिळलं," आणि आई रिकामी पिशवी घेऊन घरी आली. त्यानंतर ती घराबाहेर पडली नव्हती.

जुन्या भिंतीवर नवं बांधकाम चढवताना इथले गवंडी मधल्या सांध्यात लाल कौलाच्या पट्ट्यांची एक रेघ घालतात. रेघेखाली आहे ते मूळचं, रेघेवर आहे ते आपलं. पुढे येणाऱ्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून. बाबा या रेघेबाबत हट्टी होते. ती बोटभरही सरकलेली त्यांना खपत नसे. पट्ट्या मात्र तोडायची आई, मागच्या दाराच्या पायरीवर बसून. बाबांच्या हातून कौल कधी सरळ तुटलं नाही. "दगडाची सवय झालेला हात आहे," ती म्हणायची, "कौलाला आणि बायकोला जरा जपून धरावं लागतं."

म्हणजे प्रश्न साधा होता. रेघ अजून उभ्या भिंतीत असेल, तर भिंत रेघेच्या वर, नव्या कामात तुटली, दोष बांधणाऱ्याचा. रेघ पडलेल्या दगडांत असेल, तर जुनी भिंतच पोटातून फुटली, आणि त्याला कुणी काही करू शकलं नसतं.

आम्ही गल्लीतून चढायला लागलो. चांभारानं तोंडातले खिळे न काढताच मान हलवली. कपडे वाळत घालणारी एक बाई चादरीच्या मागे सरकली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत तिथेच राहिली. तिकीटखिडकीतल्या मुलीनं आम्हाला पाहून खिडकी लावून घेतली. पैसे मागावेत की नाहीत, हे तिला ठरवता आलं नसावं. आई मध्येच थांबून दम घ्यायची, पण माझा हात धरत नव्हती.

दरवाज्यापाशी लंबूकाका उभे होते. बाबांचे जोडीदार. बाबा बुटके आणि गोल, काका बांबूसारखे. दोघं शेजारी उभे राहिले की दहाचा आकडा दिसतो, असं गाव म्हणायचं. 'दहा आले का कामावर?' अशी चौकशी व्हायची. मी चालायला शिकले ती या दोघांच्या मध्ये.

"वहिनी, तिकडे चिखल आहे," काका म्हणाले. "उगाच कशाला त्रास? मी आहे ना इथे."

"चिखल मी पाहिलाय, भावजी. चला."

चोरवाट तटाच्या बाहेरून, पायथ्याला लागून जाते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थेट खाली गावाची छपरं. दोर बांधून वाट अडवली होती; काकांनी तो उचलून धरला. पुढे भिंत एकाएकी संपत होती. माझ्या छातीइतकी उरली होती आणि तिच्या वर नुसतं आभाळ होतं. पायाशी दगडांचा ढीग. बाबा नेमके कुठे सापडले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

उभ्या भिंतीत लाल काहीच नव्हतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. दगड, चुना, दगड. कौलाच्या पट्ट्या खाली ढिगात पडल्या होत्या.

"आई," मी म्हणाले, "रेघ खाली आलीय."

"तेच सांगत होतो मी," काका घाईनं म्हणाले. "जुनी भिंत आतून पोकळ झाली होती. पाणी मुरलेलं. त्याचा काय दोष?"

 एका दगडावर बसून आईनं एक पट्टी उचलली, मग दुसरी, आणि त्या मांडीवर शेजारी शेजारी लावू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला. मी भिंतीला हात टेकला.

हाताखालचा सांधा मऊ होता.

बोट थोडं दाबलं तर नख आत गेलं. चुना गार आणि ओला होता. बाकी भिंतीतला चुना पांढरट, कोरडा. हा एकच सांधा, वरून दुसऱ्या थराखालचा, टोकापासून टोकापर्यंत काळपट दिसत होता. मी बोट शालीला पुसलं. बाबांचं नाव सुटत होतं. कुणीतरी रेघ भिंतीतून काढून ढिगात टाकली आणि तिची जागा ताज्या चुन्यानं भरली, यात कुणाचं काय जात होतं? मी शहरात राहते, चाकोरीतली नोकरी करते; आईला मात्र याच गल्ल्यांतून म्हातारं व्हायचं होतं.

"भावजी," आई म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "एवढ्या उंचावरून, एवढ्या दगडांबरोबर पडल्या. यातली एकही तुटली नाही?"

काका तिच्या मांडीकडे पाहत राहिले.

"मी तोडलेल्या आहेत म्हणून विचारते. ओट्यावरून पडली तरी दोन तुकडे व्हायचे हिचे."

काका मटकन खाली बसले. एवढा उंच माणूस बसताना घडीघडीनं मिटत गेला. "काल काढल्या," ते म्हणाले. "छिन्नीनं, एकेक करून. म्हटलं, मेल्यावर तरी त्याला बोल लागायला नको." मग म्हणाले, "खोटं बोलतोय. मलाही लागायला नको होता. वरचं काम त्याचं नाहीच, वहिनी. माझं आहे. थंडी पडली होती, चुना धरत नव्हता, आणि मी रेटलं. किल्ल्याच्या ऑफिसला हिवाळ्याआधी हवं होतं."

मी आईकडे पाहिलं. तिला धक्का बसलेला नव्हता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. छाती भरलेली. माझ्यासमोर. वरचे थर लावायला ते आले असते कुठून?"

"मग तू आज इथे कशाला आलीस?" मी विचारलं.

"जुनी भिंत पडली असती तर बरं झालं असतं, म्हणून."

खाली गावात कुणीतरी गालिचा झटकत होतं. धपधप आवाज वरपर्यंत येत होता.

"मी सांगतो त्यांना," काका म्हणाले. "आज सगळं सांगून टाकतो."

"ते एकटेच का आले वर, ठाऊक आहे तुम्हाला?" आई पट्ट्या गोळा करत म्हणाली. "थंडी ओसरल्यापासून घोकत होते, एकदा जाऊन बघायला हवं. मी म्हटलं, भावजींना सोबत घ्या, कुणीतरी शिडी धरायला हवं. तर म्हणाले, 'नको. मी त्याचं काम तपासतोय असं वाटेल. वाईट वाटेल त्याला.'"

काकांनी तोंडावर हात घेतला. रडले नाहीत. बोटांच्या फटीतून ते भिंतीकडे पाहत होते.

"रेघ परत घाला," आई म्हणाली.

"आई, मग गाव म्हणतंय तेच खरं ठरेल."

"रेघ नवं-जुनं सांगते. हात कुणाचे, ते नाही सांगत." तिनं पट्ट्या माझ्या ओंजळीत ठेवल्या. "दे त्यांना एकेक."

काकांनी ओला चुना खरवडून काढला. मी पट्टी देत होते, ते सांध्यात बसवत होते, थापीच्या मुठीनं हलकेच ठोकत होते. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. लाल रेघ हळूहळू भिंतीभर उमटली, आणि तिच्यावर दोन थर नवं काम आणि मग आभाळ, हे कुणालाही दिसेल इतकं उघड झालं.

इंजिनिअर म्हणजे एक तरुण बाई निघाली, बुटांना चिखल लागलेली. आम्ही कोण ते कळल्यावर ती अवघडली. मग वाकून तिनं रेघेवरून पेन फिरवलं. "या सैल आहेत."

"निखळल्या होत्या," आई म्हणाली. "होत्या तिथे बसवल्या."

"म्हणजे नव्या कामातच तुटलं." तिनं वरच्या थरातला चुना चिमटीत धरला, पिठासारखा भुगा झाला. "गोठलाय. धरायच्या आतच गोठलाय. कुणाचं काम हे?"

काकांनी तोंड उघडलं.

"माझ्या नवऱ्याचं," आई म्हणाली. "हे त्यांच्या हाताखाली होते."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलगी आहे, शिकलेली आहे, काही वेगळं म्हणायचं असेल तर म्हणेल, अशा नजरेनं. समोर आईचा चेहरा होता, आणि दगडावर बसलेले काका, ज्यांना आता कुणीच शिक्षा करणार नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "बाबांचं."

आई वळली आणि भिंतीला हात लावत वाट उतरू लागली. मी तिच्या मागे निघाले. पाठीमागे बाई काकांना विचारत होती, जरा दबक्या आवाजात, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"इतका अनुभवी माणूस. भर थंडीत चुना लावत होता, आणि कुणी अडवलं नाही?"



"अडवणारा तोच होता," काका म्हणाले.