निळ्या बंदाची पिशवी

मी वायरची पिशवी बोलतेय. होय, तीच, हिरव्या-पिवळ्या चौकटींची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मग ऐका.

वच्छलाबाईनं गुलमंडीच्या बाजारातून वायरची बंडलं आणली आणि गारखेड्याच्या घरी मला विणलं. तेव्हा तिचा सम्यक रांगत होता. पुढं त्याचा शाळेचा डबा मीच वाहिला. दरसाल नागपूरला दीक्षाभूमीवर मी तिच्याबरोबर गेले. आता तिची बोटं वाकलीत. दुसरी पिशवी तिच्या हातून व्हायची नाय.

यंदा सम्यकनं आईला जहाजातून लक्षद्वीप दाखवायचं ठरवलं. सून मोनालीनं चाकांची नवी बॅग आणली.

"अहो आई, जहाजावर ही पिशवी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. ती येणार नसंल तर मी बी नाय येत."

वा गं माझी बाई! दशम्या आणि ठेचा पोटात घेऊन मी ऐटीत जहाज चढले.

तिसऱ्या दिवशी एक चिमुकलं बेट आलं. बंदर उथळ, म्हणून जहाज लांबच थांबलं आणि आम्हाला होडीत उतरवलं. धक्क्यावर चढताना होडीनं असा हिसका दिला की माझा एक बंदच तुटला.

"झालं! आता तरी टाका ती," मोनाली म्हणाली. कचऱ्याचा डबा समोरच होता आणि सम्यकनं मला उचललंसुद्धा. ज्याचा डबा मी वाहिला, तोच! माझं तुटकं टोक त्याच्या तळहातात घुसलं. मुद्दाम घुसवलं, लपवत नाही.

"आण इकडं!" वच्छलाबाई ओरडली.

धक्क्यावर एक बाई मासे वाळवत होती. तिच्याजवळही वायरचीच पिशवी! तिनं मला मागून घेतलं आणि जाळ्याच्या निळ्या दोरीनं नवा बंद विणायला लागली. वच्छलाबाई तिच्या शेजारी फतकल मारून बसली.

"अगं, उलटी नाय, आतून घे!"

बाईला भाषा कळेना. ती हसली आणि तिच्याच रीतीनं गाठ मारली. वच्छलाबाईनं जोर लावून ओढून पाहिली.

"व्हय, लई पक्की हाय," ती म्हणाली आणि उरलेल्या दशम्या तिच्या हातात ठेवल्या.

आता चाकांची बॅग माळ्यावर आहे आणि मी दारामागच्या खिळ्याला. मोनाली अजून माझ्याकडं डोळे वटारते. मोनाली, मला टाकायचंय ना? मग आधी माझ्यासारखी एक विणून दाखव. वायर गुलमंडीत मिळते. सासूची बोटं वाकलीत, तोंड नाही. चुकलीस तर ती सांगेल.