म्हातारबाची चहाडी

मित्रांनो, मी विमानाचं एक जुनं इंजिन आहे, आणि आज मला मान वर करून बोलायची सोय उरलेली नाही. इंजिनाला मान नसते, हे मला ठाऊक आहे. पण शरम असते, हे माझ्यावरून ओळखा.

मी नवाकोरा होतो तेव्हा मला एका छोट्या विमानाच्या नाकात बसवलं. या विमानातून आजारी माणसांना मोठ्या इस्पितळात नेतात. पुढे दोन खुर्च्या, मागे एक स्ट्रेचर, आणि पेशंटच्या नातेवाइकाला अंग चोरून बसण्यापुरती जागा. आखूड धावपट्टी आणि तिच्या टोकाला विमान ठेवायचं पत्र्याचं हँगर, एवढंच माझं जग. किती जणांना मी वेळेवर पोचवलं! बरे झालेले लोक परत येऊन डॉक्टरांचे आभार मानायचे, माझ्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. एकच माणूस मला कधी विसरला नाही. ते आमचे वैमानिक, कप्तानकाका. विमानातून उतरले की माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "म्हातारबा, आज लाज राखलीस हं!" मी आतून फुलून जायचो.

माझी देखभाल मेकॅनिकताईकडे होती. ताई मोठी फटकळ. एखादा स्क्रू सैल दिसला तर सख्ख्या बापालाही सोडायची नाही. काका तिला चिडवायचे, "पोरी, तुझ्या सासूची मला दया येते." ती हसायची, पण हातातला पाना काही खाली ठेवायची नाही.

मग माझं एक दुखणं सुरू झालं. मला सुरू करायला स्टार्टर नावाची छोटी मोटर असते. तिचं दातेरी चाक पुढे सरकून माझ्या चाकात अडकलं, की माझा पंखा फिरतो. ते चाक पुढे सरकेना. मोटर नुसती घुर्र करायची आणि पंखा ढिम्म हलायचा नाही. स्ट्रेचरवर पेशंट, शेजारी त्याची रडवेली आई, आणि मी असा मख्ख! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काकांनी किल्ली काढून खिशात टाकली. किल्ली चालू राहिली तर हाताच्या धक्क्यानेही मी सुरू होऊ शकतो, म्हणून ही खबरदारी. मग त्यांनी खाली उतरून पंखा हाताने थोडा ढकलला, परत जाऊन किल्ली लावून बटण दाबलं, आणि मी झटक्यात सुरू झालो. संध्याकाळी ताईने विचारलं, "सकाळी काही झालं होतं का हो काका?"

"कुठे काय? म्हातारबा जरा डुलकी घेत होता."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. ताई आत आहे ना, हे बघून काका पंख्याला धक्का द्यायचे आणि पुटपुटायचे, "तिला कळलं तर ती तुला भंगारात काढेल. गप्प राहा." मी काय बोलणार, कपाळ! पण खरं सांगतो, बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. मला ते लाड आवडत होते. त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

एके दुपारी आम्ही नुकतेच उतरलो होतो, मी अजून तापलेला होतो, आणि लगेच दुसरा पेशंट आला. छातीत दुखणारे एक शिक्षक होते. या खेपेला विमान नवीन वैमानिक चालवणार होत्या. त्यांना सगळे छोट्या मॅडम म्हणायचे. काका शेजारी बसले. मॅडमनी बटण दाबलं. घुर्र. पुन्हा घुर्र.

"थांब, आलोच," म्हणून काका घाईने उतरले. एरवी किल्ली त्यांच्या खिशात असायची. आज ती मॅडमसमोर होती, आणि चालू होती. काकांना वाटलं, हिने बंद केली असणार. मॅडमना वाटलं, काका नुसतं बघायला गेलेत. त्या धक्क्याबद्दल त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. काकांनी विचारलं नाही, मॅडमनी विचारलं नाही.

काकांनी पंखा ढकलला आणि मी एकदम सुरू झालो. पंख्याचं पातं गर्रकन फिरून त्यांच्या उजव्या मनगटावर बसलं. मॅडमनी किंचाळत किल्ली बंद केली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मित्रांनो, ज्या हाताने मला रोज थोपटलं, तोच हात मी मोडला.

शिक्षकांना दुसऱ्या विमानाने नेलं, ते वाचले. काकांचं हाड जुळलं, पण बोटांत पकड आली नाही. त्यांचं विमान चालवणं कायमचं सुटलं.

गळ्यात हात बांधून काका हँगरमध्ये आले, तेव्हा ताईने माझा स्टार्टर उघडून ठेवला होता. ते चाक तिने त्यांच्यापुढे धरलं. "ग्रीस सुकून दगड झालंय, बाकी काही नाही. धुवायचं, नवीन ग्रीस लावायचं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं, काका!" तिने चाक खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंत? मी काय म्हातारबाची वैरीण होते?"

"मला वाटलं, तू त्याला घरी बसवशील."

"आणि आता त्यानेच तुम्हाला घरी बसवलं," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडली. झाकण काढलेला मी तिथेच होतो. तोंड लपवायला जागा नव्हती.

परवा सकाळी मी सुरू व्हायला जरासा उशीर केला. छोट्या मॅडमनी लगेच सगळं बंद केलं, किल्ली खिडकीबाहेर उंच धरून दाखवली आणि ओरडल्या, "ताई, म्हातारबा आज वेळेवर उठला नाही हो!" पेशंटच्या नातेवाइकांनी ऐकलं, माल चढवणाऱ्यांनी ऐकलं. मला मेल्याला कुठे तोंड लपवू असं झालं. ताई पाना घेऊन धावली. बाकावर बसलेले काका उठून माझ्याजवळ आले.

"लाज वाटली ना रे? वाटू दे. मलाही वाटते," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या सायकलचा ब्रेक अडकला, पंखा कुरकुरला, तर त्याला सांभाळून घेऊ नका. ज्याला दुरुस्त करता येतं, त्याला जाऊन सांगा. आणि माझ्यावर जीव असेल, तर माझी खुशाल चहाडी करा. मी चारचौघांत लाजेन, तुमच्यावर रागावेनही. पण काका मला आता डाव्या हाताने थोपटतात, आणि ती लाज मला सोसत नाही.