बिनगाठीचा करदोडा

दोऱ्याचा पीळ काही केल्या बसत नव्हता. यल्लव्वानं तो पोटरीवर ठेवून तळव्यानं पुन्हा वळला, एक टोक दातात धरलं, खिडकीच्या उजेडात लांब करून पाहिला – काळा, नवा, दुकानाचा कडकपणा अजून न गेलेला – आणि पुन्हा मांडीवर सोडून दिला. खरं तर पीळ मघाशीच बसला होता. पण बसला म्हटलं की उठायला हवं, उठलं की आतल्या खोलीत जायला हवं, आणि तिथं लेक, कृष्णात, सदरा वर करून समोर उभा राहणार... म्हणून ती स्वतःलाच सांगत होती, नाही बसत. हात कापतात म्हणायची लाज वाटत होती, दुसरं काय.

उद्यापासून तिचा लेक बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात परत कामावर जाणार होता. जड उचलायचं नाही, बसून माल तपासायचा, एवढ्या बोलीवर. सून रंजिता सकाळी डबा भरून कामावर निघता निघता चपलेत पाय घालून म्हणाली होती, आत्या, आज तेवढं बांधून टाका, ते रोज विचारतात. हिचं काय जातं म्हणायला! कमरेचा काळा दोरा, करदोडा, आईनं बांधायचा. बारशाला यल्लव्वानंच तो बांधला होता, निपाणीच्या घरी, आणि पोरगं वाढेल तसा बदलत आली होती. बदलायचा नेम एकच – आधी नवा बांधायचा, मग जुना कापायचा. गड्याची कमर घडीभरसुद्धा मोकळी राहता कामा नये, मोकळी कमर तिरडीवरच्या माणसाची. तिच्या आईनं असंच केलं, सासूनं असंच केलं, कुणी कधी का म्हणून विचारलं नाही.

आणि मी काय केलं? मी माझ्या हातानं कापला.

मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोट दुखतंय, पित्त असेल, म्हणत कृष्णातनं दुखणं अंगावर काढलं, आणि आतड्याला भोक पडलं. पोटभर घाण पसरली, विष रक्तात गेलं. दवाखान्यात ऑपरेशन करून भोक शिवलं. यल्लव्वानं तेव्हा एवढी गयावया केली की डॉक्टरांनी करदोडा न कापता तेवढ्यापुरता खाली मांड्यांवर सरकवला आणि नंतर परत कमरेवर आणला होता. भोक शिवलं म्हटल्यावर सगळ्यांनी हुश्श केलं, आणि तिथून पोट फुगायला लागलं. रक्तदाब टिकावा म्हणून सलाईन द्यावंच लागे, आणि तेच पाणी आतड्यांत मुरे, अंगात मुरे... सकाळी भेटायला आत सोडलं तेव्हा दोऱ्याखालून तिचं बोट जात होतं. दुपारी गेलं नाही. दोरा कातडीत रुतला होता आणि वर पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, चकचकीत. लघवीची पिशवी रिकामी. श्वास यंत्र देत होतं आणि तेही मधूनमधून ओरडत होतं.

एक सिस्टर सारखी यायची. पलंग सपाट करायची, लघवीच्या नळीतून थोडंसं पाणी आत सोडायची आणि पडद्यावरचा आकडा बघत उभी राहायची. पोटातला दाब म्हणे असा मोजतात, मूत्राशयावरून. कुठली गोष्ट कुठून कळते बघा! प्रत्येक वेळी आकडा वरच. शेवटी डॉक्टर आले. आत भात फुगतोय आणि वरचं झाकण घट्ट आहे असं समजा, म्हणाले, मूत्रपिंडाला जागा नाही, फुप्फुसाला जागा नाही. झाकण काढावं लागेल. पोट उघडायचं आणि काही दिवस उघडंच ठेवायचं. यल्लव्वानं भीत भीत विचारलं होतं, माझ्या दोऱ्यानं आवळलं का हो? नाही, म्हणाले, दोऱ्याचा काही दोष नाही, दाब आतूनच आहे. पण आता तो मध्ये येतोय, तेवढा काढा. आणि रंजिताला घेऊन ते सही करायला बाहेर गेले.

सिस्टरच्या हातात कात्री होती. तिनं नुसती चालवली असती तर कोण अडवणार होतं? बेशुद्ध लेक आणि एक खेडवळ म्हातारी. पण तिनं यल्लव्वाकडं बघितलं आणि हात थांबवला. काय झालं म्हणून कानडीत विचारलं. यल्लव्वानं सांगितलं – आधी नवा, मग जुना... आणि नवा नाही माझ्याकडं. सांगताना तिचं तिलाच ते किती वेड्यासारखं वाटलं होतं! ती पोर हसली नाही. तिनं जखमेवर घालायच्या जाळीच्या कापडाची लांब पट्टी काढली आणि कृष्णातच्या कमरेवर, या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत, अलगद पसरून ठेवली. गाठ नाही, ताण नाही. नुसती ठेवली.

“इदु होसदु, अम्मा,” ती म्हणाली. “हा नवा. आता जुना तुम्हीच कापा.”

आणि कात्री यल्लव्वाच्या हातात दिली.

दोरा तुटला तिथं लाल खाच राहिली होती. मग त्याला नेलं. परत आणलं तेव्हा पोटावर नुसतं प्लास्टिक होतं आणि नळी होती, बघवत नव्हतं, आणि तरी ती बघत राहिली, कारण खाली पिशवीत लघवी आली होती. पिवळी, थोडीशी, पण आली होती. असल्या गोष्टीसाठी बाई कधी रडते का? ती रडली. आणि कमरेवर पट्टी होती. पुढं इतके दिवस प्लास्टिक बदललं, नळ्या बदलल्या, माणसं बदलली, पण ती पट्टी रोज कुणीतरी ताजी ठेवलेली असायची. पाळी संपवून जाताना सिस्टर एकमेकींना सांगून जात असणार. त्या पोरीचं नाव यल्लव्वाला कधी कळलं नाही, तोंडावर मास्क, फक्त डोळे आणि हात. अजूनही दिवा लावताना ती देवाला आधी त्या पोरीचं सांगते, लेकाचं नंतर. देवानं रागवायचं तर रागवावं.

तरी नवा दोरा बांधायचं धैर्य होत नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून लेकाची कमर मोकळीच होती, नेम मोडत होता, तरी तिनं आज उद्या, आज उद्या केलं. अमावस्या आहे, दोरा चांगला नाही, बसवनगुडीच्या देवळापाशी बरा मिळतो... रंजितानं तिथूनही आणून दिला. गाठ मारली आणि पुन्हा काही रुतलं तर? आपला हातच वाईट असला तर?

“आई, काय करालीस एवढा वेळ?”

कृष्णात दारात येऊन उभा राहिला होता. पोटाला आधाराचा रुंद पट्टा त्यानं सोडून हातात धरला होता. मधोमध उघड्या ठेवलेल्या जखमेवर धरलेली ती पातळ, गुलाबी कातडी, थोडी पुढं आलेली. स्नायू जोडायचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते डॉक्टर. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, तिला उठायला लागू नये म्हणून.

“कमर मोकळी घेऊन नको वाटतंय गं कामावर जायला,” तो म्हणाला. “बांध की.”

तिनं दोरा त्याच्या पाठीमागून घेतला, दोन्ही टोकं पुढं आणली आणि थांबली. मनगटाखाली पोट वर येत होतं, खाली जात होतं. मऊ होतं. यंत्र नाही, काही नाही, त्याचा तो घेत होता श्वास... तिला ती पट्टी आठवली, कमरेवर नुसती ठेवलेली. बाई गं, गाठ कुठं होती त्या पट्टीला? एवढे दिवस माझं लेकरू बिनगाठीच्या करदोड्यावर जगलं, आणि मी इथं गाठीला भिऊन बसलेय.

“घट्ट नको हं,” कृष्णात म्हणाला.

“थांब जरा. श्वास घे नीट.”

त्यानं घेतला. दोऱ्याखालून तिचं एक बोट गेलं, मग दुसरंही गेलं, आणि ती तशीच राहिली, टोकं हातात धरून. गाठ मारायची होती, न मारली तरी चाललं असतं, घाई कसलीच नव्हती. हात कापायचे थांबलेत, हे तिला जरा उशिरानं कळलं.