मी कुणालाही बुडवलेलं नाही

मित्रांनो, मी एक निळा खडा आहे, आणि पंचवीस वर्षं माझ्यावर एका माणसाला बुडवल्याचा आळ होता. असा आळ अंगावर असताना गप्प बसणं सोपं नसतं. मला तोंड नाही म्हणून मी गप्प बसलो. तोंड असतं तर पहिल्याच दिवशी कडाकडा भांडलो असतो.

माझा जन्म श्रीलंकेतला. जमिनीच्या पोटात मी किती काळ होतो ते विचारू नका, तुमचे आकडे पुरणार नाहीत. पुढे नदीच्या वाळूत एकाला सापडलो, दुसऱ्याने चाकावर घासून मला पैलू पाडले आणि कोलंबोच्या बंदराबाहेर एका फेरीवाल्याच्या पुडीतून मी भिकाजीच्या हातात आलो. भिकाजी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या वाडीतला. मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याने मला उन्हात धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "सगुणाला आवडंल." हा खडा कोणता, कोणत्या ग्रहाचा, असली चौकशी त्याने केली नाही. त्याला माझा रंग आवडला होता. मला तो माणूस तिथेच आवडला.

सगुणा म्हणजे त्याची बायको. ती मला पाहून खूश झाली, पण म्हणाली, "माज्या बोटाला येवढा धोंडा कशाला? तुमच्याच हाताला शोभंल." तिने हौसेने मला सोनाराकडे नेलं आणि भिकाजीच्या मापाची अंगठी करायला दिली. सोनाराने मला एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला आणि सांगून टाकलं, "नीलम हाय. जपून गो. लाभला तर लाभला."

झालं! निळा म्हणजे नीलम. एवढीच माझी तपासणी. आणि नीलम हा शनीचा खडा, लाभला तर राजा करतो आणि नाही लाभला तर घर धुऊन नेतो, असं आपल्याकडे अजून कितीतरी लोक मानतात. भिकाजी मात्र हे ऐकून हसला आणि त्याने मला बोटात घातलं.

दोन वर्षं मी त्या बोटात राहिलो. त्याने जहाजाची नोकरी सोडली आणि थोरल्या भावाबरोबर, म्हणजे भागोजीबरोबर, मासेमारीची होडी चालवायला घेतली. खारं पाणी, मासळीचे खवले, जाळ्याची दोरी, सगळं मी सोसलं. एक ओरखडासुद्धा उठू दिला नाही. हे मी फुशारकीने सांगतोय, आणि मुद्दाम सांगतोय.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. दोघे भाऊ अंगणात होडीचं इंजिन खोलून बसले होते. हात तेलाने माखतील म्हणून भिकाजीने मला काढून खिडकीतल्या पेल्यात ठेवलं. तिथून मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, इंजिन खोकतंय. पार्ट बदलूया," भिकाजी म्हणाला.

"मी बांधलंय ना? चालंल. हंगाम सुरू झालाय, दिवस कशाला फुकट घालवतोस?" भागोजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भागोजीला ताप भरला, म्हणून भिकाजी भावाशिवाय, दोन गड्यांना घेऊन निघाला. घाईत मला विसरला. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, होडी आडवी झाली आणि लाटेने उलटली. दोघे गडी पोहत आले. भिकाजी आला नाही.

तिसऱ्या दिवशी भागोजी ओटीवर बसून चार माणसांसमोर बोलला, "नीलम लाभला नाय. हिनंच घातला त्याच्या बोटात." सगुणा दाराआड उभी होती, तान्ही मुलगी कडेवर घेऊन.

मित्रांनो, मी त्या दिवशी बोटात नव्हतोच! मी पेल्यात होतो! एका गड्याने हे बोलूनही दाखवलं. त्यावर उत्तर तयार होतं, काढून ठेवला म्हणून कोपला. म्हणजे घातला तर मी मारेकरी आणि काढला तर मी रागीट. आता यातून सुटायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

मला काळ्या फडक्यात गुंडाळून, पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं. डब्यातला काळोख मी सहन केला. जमिनीखालच्या काळोखाची मला सवयच होती. पण सगुणेवर जी वेळ आली, ती मला सहन झाली नाही. नारळी पौर्णिमेला घरच्या बायका होडीची पूजा करतात आणि तिला ओवाळतात. नवरा गेलेल्या बाईने ओवाळू नये, असं आमच्या वाडीत आता कुणी म्हणत नाही. शेजारच्या दोन घरांत तशाच बाया ओवाळतात. सगुणेला मात्र दर वर्षी एकच वाक्य ऐकावं लागे, "तू जरा लांब उभी राहा." कारण तिचा हात. त्या हाताने नीलम दिला होता.

त्याच हाताने तिने मासळी सुकवली, विकली आणि मुलीला, अक्षयाला, शिकवलं. अक्षया आता रत्नागिरीत एका पतपेढीत नोकरीला आहे. यंदा घरात नवी होडी आली. निम्मे पैसे भागोजीचे, निम्मे सगुणेचे. तेव्हा सगुणा पहिल्यांदा स्पष्ट बोलली, "औंदा मी ओवाळणार."

"त्या हातानं नको," भागोजी म्हणाला. "होडी नवी हाय."

अक्षया तिथेच होती. ती म्हणाली, "काका, तो खडा नीलम आहे हे कुणी तपासलं तरी आहे का?"

जुन्या सिलोनी नीलमाला भरपूर किंमत येते, हे भागोजीने कुठेतरी ऐकलं होतं. "बघा तर," तो म्हणाला. "खरा असला तर विकून टाकू, होडीच्या कामाला पैसं येतील." बघा, आळ घ्यायलाही मीच नीलम आणि विकायलाही मीच नीलम! माणसांची सोय कशी असते, ते मी त्या दिवशी शिकलो.

अक्षयाने माळ्यावरचा डबा उतरवून मला बाहेर काढलं. पहिल्या दुकानात एकाने मला ट्यूबलाइटखाली धरलं आणि म्हणाला, "काच वाटते." काच! पंचवीस वर्षं खुनी म्हणून काढली, पण एवढा अपमान कधी झाला नव्हता. काच असतो तर भिकाजीच्या बोटातच ओरखडे उठले असते. अक्षया तिथून उठलीच. मग तिला कळलं, की शहरातल्या एका सराफी पेढीत मुंबईहून रत्न तपासणारी बाई दोन दिवसांसाठी येणार आहे. तिचं नाव समीक्षा. अक्षया, सगुणा आणि भागोजी तिघेही गेले.

समीक्षाने आधी मला कोंदणातून काढायला लावलं. मोकळा झाल्याशिवाय खड्याचं वजन होत नाही आणि पाठही दिसत नाही. मग तिने मला पुसलं, तोललं, एका यंत्राच्या काचेवर तेलाचा थेंब टाकून त्यावर ठेवलं आणि माझ्यातून उजेड कसा वळतो ते पाहिलं. मग भिंगाखाली माझं पोट पाहिलं. तिने घाई केली नाही. मला इतक्या नीट आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"हा नीलम नाही," ती म्हणाली. "नीलमात उजेड दोन वाटांनी फुटतो, याच्यात एकाच वाटेने जातो. काचही नाही. हा स्पिनेल आहे, अस्सल, जमिनीत तयार झालेला. याच्या लाल भावंडांना आपल्याकडे लालडी म्हणतात, त्यांनाही लोक माणिक समजत आले. किंमत नीलमाएवढी येणार नाही, पण नग चांगला आहे. तसा कागद लिहून देते."

भागोजीचा चेहरा आधी किमतीने उतरला. मग हळूहळू दुसऱ्याच कारणाने उतरला.

"मग माजा भाऊ कशानं गेला?" त्याने विचारलं.

"काका, ते माझ्या यंत्रात दिसत नाही," समीक्षा हळूच म्हणाली.

भागोजी खुर्चीत बसला. मग म्हणाला, "इंजिन मी बांधलेलं. तो बोलला व्हता, खोकतंय म्हणून. मीच म्हटलं, चालंल."

"माह्यत हाय मला," सगुणा म्हणाली. "जेवताना सांगितलं व्हतं त्यांनी."

"मग येवढी वर्सं बोललीस का नाय गो?"

"काय बोलू? दर वर्साला दर्यात नारळ सोडताना तुमी पोरासारखं रडत व्हतात. आणखी काय बोलू तुमाला? म्हटलं, जाऊंदे खड्यावर. जाऊंदे माज्यावर. पण आता पुरे झालं, भावोजी. होडी निम्मी माजी हाय. ओवाळणार मीच."

भागोजीने मान हलवली. "आता कोण अडवणार? नीलम नाय, म्हटल्यावर..."

"नीलम असता तरी ओवाळलं असतं," सगुणा म्हणाली. "तुमी कागदासाठी आलात. मी नाय."

मला तिचा राग आला, मित्रांनो. सगळं माहीत असून तिने मला डब्यात राहू दिलं! पण त्याच वेळी मला तिचा असा अभिमान वाटला, की भिंगाखाली असतो तर समीक्षाला माझा रंग बदललेला दिसला असता.

मला विकलं नाही. सगुणेने आपल्या मापाची अंगठी करून घेतली. नारळी पौर्णिमेला तिने नव्या होडीला हळदकुंकू वाहिलं आणि ओवाळलं. वारा होता म्हणून भागोजी ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा धरून उभा होता. यंदाचं इंजिन त्याने स्वतः बांधलं नव्हतं. मिस्त्री बोलावला होता, आणि दोनदा तपासायला लावलं होतं.

माझा कागद आता अक्षयाच्या कपाटात आहे. त्यावर माझं नाव, वजन, रंग सगळं आहे. तो पाहून कुणी मला म्हणतं, "तू निर्दोष सुटलास." मला ते मान्य नाही. मी नीलम असतो तरी निर्दोषच होतो. खड्याला होडी उलटवता येत नाही आणि बाईच्या हातालाही येत नाही.

तुमच्याही घरात माळ्यावर असा एखादा डबा असेल. तो उतरवा, फडकं सोडा, आतल्या वस्तूची नीट तपासणी करून घ्या. तोवर तिच्या नावाने कुणाला लांब उभं करू नका. आणि खरं सांगू? निकाल काहीही आला, तरी करू नका.