तिरकी मान

"अहो, तुमच्या बाईचे डोळे कपाळात गेलेत," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

धाकटीलाही हसू आलं. कागदावरच्या बाईचे डोळे खरोखरच केसांच्या मुळाशी जाऊन बसले होते. खाली नाकातोंडाला मोकळं मैदान मिळालं होतं.

"पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," बाई म्हणाल्या. त्या धाकटीच्या मुलीहूनही लहान होत्या. "डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. पटत नसेल तर पट्टी लावून बघा."

धाकटीने समोरच्या फोटोवर पट्टी लावली. मध्यावरच होते. जन्मभर आरशात बघूनही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

चेहऱ्यांशी तिचा तसा संबंध कमीच आला होता. उभी नोकरी बस डेपोच्या तिकीट खिडकीत गेली. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून लोकांचे हात आत येत. चेहरा बघायचा तर मान वाकवावी लागे, आणि मागे रांग खोळंबलेली असे. निवृत्त झाल्यावर मुलीने तिचं नाव वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या या वर्गात घातलं. "घरात बसून बाबांचं डोकं खाण्यापेक्षा बरं," म्हणाली. साठी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण तिच्या वर थोरली जाऊ होती.

आणि समोरचा फोटो थोरलीचाच होता.

त्याला इलाज नव्हता. चेहरा मोठा हवा, उजेड एकाच बाजूने पडलेला हवा, असं बाईंनी बजावलं होतं. नवरा म्हणाला होता, "मी आहे की जिताजागता. मला काढ."

"तुम्ही पाच मिनिटांत घोरायला लागता. उघडं तोंड मला अजून जमत नाही."

मोबाइलमधले चेहरे सगळे भाकरीसारखे सपाट. शेवटी मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक सापडला. थोरली जाऊ खिडकीशी उभी, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. फोटो अगदी हवा तसा होता, फक्त त्यातली बाई नको होती.

दोघी जावा एका घरात नांदत होत्या तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. धाकटी डेपोत होती, पुरुषही कामावर. थोरली मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा सासूबाई ओल्या फरशीवर पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, आवाज पार बसलेला. "हाका मारमारून घसा फुटला गं माझा," एवढंच त्या म्हणाल्या. यंत्र तोवर चालूच होतं. धाकटी मागच्या खोलीत गेली आणि तोंडाला येईल ते बोलली. थोरलीने उत्तर दिलं नाही. नुसती बघत राहिली आणि मग तोंड फिरवलं. सासूबाई त्या अंथरुणातून पुन्हा उठल्या नाहीत. त्या गेल्यावर भावांनी घरं वेगळी केली. तेव्हापासून जावांचं बोलणं लग्नकार्यापुरतं, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

अशा बाईचा चेहरा आता दर शनिवारी समोर ठेवून बसायचं होतं. धाकटीने ते कामासारखं केलं. फोटो उलटा धरून काढायला शिकली, कारण उलटा धरला की माणूस ओळखीचं राहत नाही, नुसते आकार राहतात. नाकाला रेघ नसते, सावली असते, हेही कळलं. डोळे कपाळातून खाली आले. ओठांची ठेवण जमू लागली. सगळं जागच्या जागी येऊनही ती थोरली मात्र दिसेना.

"तुम्ही प्रत्येक वेळी मान सरळ करताय," बाई म्हणाल्या. "फोटोत तिरकी आहे."

"ऐट आहे हो ती. समोरचं माणूस बोलायला लागलं की तोंड फिरवायची खोडच आहे तिला."

"तुम्हाला माहीत आहे ते काढू नका. दिसतंय तेवढंच काढा." बाईंनी डोळे बारीक करून फोटो पाहिला. "आणि तोंड कुठे फिरवलंय? या कुणाचं तरी ऐकतायत. कान पुढे केलाय बघा."

धाकटी घरी आली आणि जेवण बाजूला ठेवून सगळे अल्बम काढून बसली. थोरली नवरी होती तो फोटो. मांडीवर पहिलं बाळ घेतलेला. दिराच्या निवृत्तीच्या समारंभातला. जिथे जिथे कुणी बोलत होतं तिथे थोरलीचा चेहरा डावीकडे वळलेला होता आणि उजवा कान बोलणाऱ्याकडे. जेवायला बसताना ती नेहमी टेबलाची डावी कड धरायची, ते धाकटीला आठवलं. त्यावरूनही एकदा भांडण झालं होतं.

नवरा पेपर वाचत होता.

"अहो, ताईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

"हं," तो म्हणाला. मग पेपर जरा खाली आला. "लहानपणी कान फुटला होता म्हणे. लग्न ठरवताना सांगितलं नव्हतं तिच्या माहेरच्यांनी. आईला कळलं तर फसवलं म्हणेल, म्हणून दादानं गप्प बसायला लावलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दादानं शपथ घातली होती."

"आणि आई पडल्या तेव्हा? मी ताईंना इतकं बोलले तेव्हा?"

"तेव्हा तू ऐकण्याच्या मनःस्थितीत होतीस का?"

"आणि नंतर? आई गेल्यावर कुणाला भ्यायचं होतं?"

त्याने पेपर पुन्हा वर केला, पण पान काही उलटलं नाही. धाकटीने अल्बम आवरले, चप्पल घातली आणि बाहेर पडली.

थोरली दोन रस्ते पलीकडे राहायची. दार तिनेच उघडलं. धाकटीला पाहून ती दचकली.

"कुणाला काही झालं का?"

"नाही, सहजच आले."

सहज येण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी थोरलीने आत घेतलं, पाणी दिलं, पंखा लावला. दीर गेल्यापासून ती एकटीच होती. मुलीच्या प्रकृतीची विचारपूस झाली, गुडघ्यांची झाली. धाकटी तिच्या उजवीकडे बसली होती, मुद्दाम. थोरलीच्या ते लक्षात आलं.

"भावजींनी सांगितलं वाटतं," ती म्हणाली.

"आज सांगितलं. आजच." धाकटी म्हणाली. "ताई, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होते? एक कान नाही म्हणून सांगायचं? दुसरा होता की. त्याच्या बाजूला यंत्र होतं." थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी बोलले असते तर ती नुसती सबब झाली असती. सासूबाई पडलेल्या होत्या त्या होत्याच."

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं.

"एक विचारू?" थोरली म्हणाली. "तुला सोडून कुणाला विचारता येणार नाही. त्या काय म्हणाल्या होत्या तुला? खूप वेळ हाका मारत होत्या का?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ओठांची डावी कड किंचित खाली, भुवयांमध्ये दोन उभ्या घड्या, एक लांब, एक आखूड. हा चेहरा तिला आता तोंडपाठ होता.

"नाही," ती म्हणाली. "एकदाच मारली म्हणाल्या. मग शुद्ध गेली."

आवाज खाली गेला होता. पंख्यात विरला.

थोरलीने चेहरा डावीकडे वळवला, कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

धाकटी उठली. तिने पंखा बंद केला, खुर्ची जवळ ओढली आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाली, "एकदाच, ताई. एकदाच मारली होती."