उजव्या हाताला भोपळ्या

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर कुत्रा पाळला. गुबगुबीत, पिवळसर, म्हणून त्याचं नाव भोपळ्या. अनोळखी माणूस दारात आला की हा भुंकायचं सोडून पोट वर करून आडवा व्हायचा, तेव्हा राखणदारीच्या नावानं सगळा आनंदच होता. शेवटी काकूंनीच सुचवलं, की याला हॉस्पिटलात न्या, तिथे असल्याच स्वभावाला काम असतं. मग भोपळ्याची परीक्षा झाली, लसी झाल्या, गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी आंघोळ करून तो रुग्णांना भेटायला जाऊ लागला.

दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या पलंगावर एक शिंपीणबाई होत्या. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली. जीभ मात्र शाबूत होती आणि तिची धार तसूभरही कमी झाली नव्हती. नर्सच्या गणवेशाची शिवण वाकडी आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण चाळीस वर्षं कात्री धरलेल्या त्या उजव्या हाताचा विषय निघाला, की त्या भिंतीकडे तोंड करत.

त्यांचा व्यायाम घेणाऱ्या फिजिओ मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या, पण शिस्तीला कडक. त्यांनी काकांना बजावलं होतं, की भोपळ्याला कायम बाईंच्या उजव्या अंगाला बसवायचं. कुरवाळायची ओढ लागली तरच तो हात कधीतरी हलेल. डावा हात मधे येऊ द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी काकांनी तसंच बसवलं. भोपळ्या आशेनं बाईंकडे बघत राहिला, बाई आपल्या निपचित हाताकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. काकांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. मॅडमची पाठ वळताच त्यांनी पलंगाला वळसा घातला आणि भोपळ्याला डावीकडे नेऊन बसवलं. डाव्या हातानं बाईंनी त्याचे कान असे काही चोळले, की गडी जागीच पेंगायला लागला.

पुढचे तीन आठवडे हेच चाललं. मॅडमच्या चपलांचा आवाज आला, की काका भोपळ्याला घेऊन गुपचूप उजवीकडे. बाईंना हसू फुटत होतं, भोपळ्याचे लाड होत होते, आणि काका जग जिंकल्याच्या थाटात घरी जात होते.

मग एका शुक्रवारी मॅडमनी त्यांना जिन्यात गाठलं. हातात काडीची सुधारणा नव्हती. आणखी आठवडाभरात काहीच हालचाल दिसली नाही, तर डॉक्टर व्यायाम थांबवून बाईंना घरी पाठवणार होते. मुलगी त्यांना आपल्या गावी नेणार आणि त्यांचं शिवणकामाचं दुकान कायमचं बंद होणार. ते दुकान गेलं तर बाई उरणार नाहीत, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही त्याला उजवीकडेच बसवत होतात ना, काका?" मॅडमनी विचारलं.

तीस वर्षांत ज्यानं कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता, त्या माणसाला मान वर करवेना. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत, आणि तेच काकांना जास्त लागलं.

तसेच उलट पावली जाऊन त्यांनी बाईंनाही सांगितलं. बाईंनी एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी डोळे भरले आणि तुम्ही विरघळलात. दोघंही दीडशहाणे. आणा त्याला इकडे."

परवानगी काढून काका आता रोज येऊ लागले. खरी पंचाईत भोपळ्याची झाली. त्याला डावीकडची चटक लागलेली, तो सारखा पलंगाला वळसा घालायला निघे. काका दोरी धरून त्याला परत आणत. शेवटी तो वैतागून बाईंच्या उजव्या तळव्याखाली नाक घाली आणि हात वर उडवी. हात घसरून पडे. तो पुन्हा उडवी. "धीर धर की जरा मेल्या," म्हणून बाई त्याला दटावत आणि ओठ आवळून खांद्यापासून जोर लावत. हात काही दाद देत नव्हता.

शुक्रवार उजाडला. डॉक्टर आणि मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. अर्धा तास झाला, काहीच घडलं नाही. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. वेळ संपली होती, म्हणून काकांनी दोरी हलवून भोपळ्याला "चल" म्हटलं.

भोपळ्या हलला नाही.

असं कधी झालं नव्हतं. काकांनी दोरी हलकेच ओढली. तो मान खाली घालून तिथेच, पलंगाला चिकटून. डॉक्टरांसमोर शोभा नको, म्हणून काका जरा चढ्या आवाजात म्हणाले, "बहिरा झालास का? ऊठ म्हणतो ना."

"त्याला कशाला बोलता?" शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. "मी धरलंय त्याला."

काकांनी वाकून पाहिलं. भोपळ्याच्या गळपट्ट्यावर बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं आवळलेली होती, आणि दोरीला ताण बसला की ती आणखी आवळत होती.

काकांनी दोरी सोडून दिली.